पात्र, पोपटी आणि अंगावरचा काटा

मराठीत माणूस घाबरला की त्याच्या पोटात गोळा येतो. राग आला की कानशिलं तापतात, वाईट वाटलं की घसा दाटून येतो आणि भलतीच बातमी कळली की हातपाय गळतात. म्हणजे शाळेच्या निबंधात आपण 'मनातील भावना' असं लिहितो, पण बोलताना तिचा पत्ता विचारला तर पोट, घसा, छाती, कानशिलं असाच देतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं माहीत होतं. विसरलोय ते आपण, आणि त्यातही जास्त विसरलेत ते हौशी नाटकवाले. आज त्याबद्दल थोडं.

आधीच सांगतो, मी नाटकवाला नाही. आठवड्याचे पाच दिवस कोड लिहितो आणि शनिवार-रविवार पेणला घरी असतो. पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात एकांकिका करणारी काही मित्रमंडळी आहेत. कुणी धाटावच्या एमआयडीसीत शिफ्ट करतं, कुणी बँकेत आहे, कुणी अजून कॉलेजात. त्यांच्या तालमींना मी लाइट्स आणि म्युझिक बघायला जातो. लाइट्सवाल्याचा फायदा असा की त्याला तासन् तास फक्त बघायचं असतं. पाच-सहा वर्षं असं बघून माझं एक मत झालंय: हौशी नटाला आधी शरीर शिकवावं, भावना त्याच्या मागून येते. आणि हे शिकवायचं मॅन्युअल आपल्याकडे साधारण दोन हजार वर्षांपासून पडून आहे. त्याचं नाव नाट्यशास्त्र.

तुम्ही म्हणाल, आला हा संस्कृतीचा झेंडा घेऊन! थांबा, तसं काही नाही. आधी तालमीत काय होतं ते सांगतो.

कुठल्याही हौशी तालमीत हमखास ऐकू येणारी दोन वाक्यं आहेत. एक, "आतून येऊ दे." दुसरं, "फील कर ना यार." नटानं विचारावं की आतून म्हणजे नक्की कुठून, तर त्याला उत्तर नसतं. सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या ज्युनिअरला "नीट चालू दे प्रोग्रॅम" एवढंच सांगितलं तर तो काय करेल? तसंच हे. मग दिग्दर्शक हुकमी उपाय काढतो: तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट आठव.

एका ग्रुपमध्ये (नाव कशाला घ्या) एका मुलीला मेलेल्या भावाजवळ बसून रडायचा प्रसंग होता. तिचे आजोबा तीनच महिन्यांपूर्वी गेलेले. तिला रोज तालमीत ते आठवायला लावलं. प्राथमिक फेरीत ती असं रडली की अख्खं सभागृह गप्प. अंतिम फेरीच्या दिवशी त्याच जागी ती आठवत राहिली, आठवत राहिली आणि डोळ्यांत टिपूससुद्धा आलं नाही. घाबरून दोन वाक्यं विसरली. ते एक वेळ चालेल. पण नंतर ती म्हणाली ते मला विसरता येत नाही: "आता आजोबा आठवले की मला तो स्पॉटलाइट आठवतो." त्यानंतर तिनं नाटक सोडलं. बक्षीस गेल्याचं दुःख नाही हो, पण एका मुलीची स्वतःची आठवण वापरून संपवली, याला काय म्हणायचं?

या पद्धतीचं खापर स्तानिस्लाव्स्कीवर फोडायची पद्धत आहे. त्याचं पुस्तक के. नारायण काळे यांनी 'अभिनयसाधना' या नावानं मराठीत आणलं, आणि आपल्याकडे अभिनयावर बोलणारे बरेच जण कळत-नकळत त्यातलंच बोलत असतात. पण गंमत अशी की १९३८ मध्ये वारलेल्या या माणसाचा शेवटच्या वर्षांतला भर शारीरिक कृतींवर होता. नटानं आधी नेमकी कृती करावी, भावना तिच्या पाठोपाठ ओढली जाते, अशी त्याची दिशा होती. आपण मात्र आधीचा अर्धा भाग उचलला आणि तिथेच थांबलो. जुनं व्हर्जन इन्स्टॉल करून अपडेट बंद करून ठेवावं, तसं :)

आता नाट्यशास्त्राकडे येऊ. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे अभिमानाचा प्रश्न मिटेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल रंगभूमीवर आलं १८८० मध्ये. नाट्यशास्त्राचा ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून काव्यमालेत छापून निघाला १८९४ मध्ये. म्हणजे आपली संगीत रंगभूमी उभी राहिली तेव्हा हा ग्रंथ छापील स्वरूपात कुणाच्या टेबलावर नव्हताच. मराठी वाचकाला त्याची नीट ओळख करून दिली ती गोदावरी केतकर यांनी, १९२८ मध्ये. त्यामुळे 'आपलं सगळं नाटक भरतमुनींपासून चालत आलंय' हे भाषणात ठीक आहे, पण मला तो दावा नकोच. माझा मुद्दा एवढाच की त्या ग्रंथात नटासाठी लिहिलेल्या सूचना आहेत आणि त्या चालतात.

ग्रंथाचं डिझाइन बघा. अभिनय चार प्रकारचा: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा आणि सात्त्विक. भाव एकूण ४९. त्यातले ८ स्थायी, ३३ व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे, आणि ८ सात्त्विक. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर स्थायी ही मूळ स्टेट, व्यभिचारी या मधल्या तात्पुरत्या स्टेट्स. भाव ज्यामुळे जागा होतो तो विभाव, म्हणजे इनपुट. तो बाहेर जसा दिसतो तो अनुभाव, म्हणजे आउटपुट. नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये जे काही घडतं त्याचा इतका स्वच्छ फ्लोचार्ट मी दुसरीकडे बघितलेला नाही.

आता ते आठ सात्त्विक भाव बघा. नावं संस्कृत आहेत म्हणून घाबरू नका, प्रत्येकाला आपल्याकडे घरगुती नाव आहे. स्तंभ म्हणजे जागच्या जागी खिळणं. स्वेद म्हणजे दरदरून घाम फुटणं. रोमांच म्हणजे अंगावर काटा. स्वरभेद म्हणजे घसा दाटून येणं. वेपथु म्हणजे थरथर कापणं. वैवर्ण्य म्हणजे चेहरा पांढराफटक पडणं. अश्रू म्हणजे अश्रूच. आणि प्रलय म्हणजे भोवळ येऊन शुद्ध हरपणं. आठाच्या आठ! माझी आजी यातला एकही संस्कृत शब्द न जाणता रोजच्या बोलण्यात हे आठही वापरायची.

मग लगेच शंका येते की घाम काय मनात आणून फुटतो का? हात उचलता येतो, भुवई चढवता येते, पण अंगावर काटा कसा आणणार? भरताला हा प्रश्न पडलेला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की या गोष्टी एकाग्र झालेल्या मनातून येतात, मन भलतीकडे असेल तर त्या वठवता येत नाहीत. इथेच 'नवरसांचे चेहरे' असा चार्ट भिंतीला लावून शिकवणाऱ्यांचं चुकतं. डोळे मोठे केले की भय, ओठ मुडपले की बीभत्स, असला हिशेब त्या ग्रंथात नाही. शरीर आणि मन अशी दोन खाती वेगळी करून तो चालतच नाही. आमच्या रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. कागदावर हद्द आहे, पण गाडीत बसलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही, कारण रूळ तोच असतो. शरीर आणि मन यांची हद्दही मला तशीच वाटते. अलीकडून निघालात तर पलीकडे पोचताच.

पण या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळी आहे. रस कुणाला येतो? प्रेक्षकाला. भरत यासाठी जेवणाचं उदाहरण देतो: नाना पदार्थ, मसाले एकत्र आले की जाणकार जेवणाऱ्याला चव येते. आपण आपल्याकडचं उदाहरण घेऊ. थंडीत रायगडात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कुणाच्या मडक्यात अंडी, कुणाच्या कोंबडी, मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं करून भोवती जाळ. अर्ध्या-पाऊण तासानं जे बाहेर येतं त्याची चव ना नुसत्या शेंगेची, ना पाल्याची, ना धुराची. ती चव घेतं कोण? भोवती बसलेली माणसं. मडकं पोपटी चाखत नाही! मडक्याचं काम तापणं, आतलं धरून ठेवणं आणि न फुटणं.

नाटकातल्या भूमिकेला आपण 'पात्र' म्हणतो आणि भांड्यालाही पात्रच म्हणतो. हा नुसता योगायोग नाही. दहाव्या-अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या अभिनवगुप्तानं नाट्यशास्त्रावरच्या टीकेत नटाला रस पोचवणारं पात्र म्हणताना हाच अर्थ धरलाय. आता त्या मुलीची गोष्ट परत आठवा. तिच्या दिग्दर्शकानं मडकंच शिजायला टाकलं.

याचा अर्थ नटानं थंड राहायचं असा नाही. मडकं थंड असेल तर आतली शेंग कच्चीच राहणार. तापायला हवंच, पण कशानं तापायचं आणि कसं उतरायचं याची रीत हवी. ती शिकता येते, हे सांगणारी दोन चांगली उदाहरणं आहेत.

पहिलं जवळचं. वीणापाणी चावला यांनी १९८१ मध्ये मुंबईत आदिशक्ती ही संस्था सुरू केली आणि पुढे ती पुदुचेरीला नेली. त्यांनी केरळच्या कूडियाट्टम या संस्कृत नाट्यपरंपरेतलं, कलरीपयट्टूमधलं आणि इतर ठिकाणचं बरंच काही आजच्या नटासाठी धुंडाळलं. कूडियाट्टममध्ये भाव आणि श्वास यांचं नातं पिढ्यान् पिढ्या शिकवलं जातं. भय असेल तर श्वास कुठे अडतो, शोकात तो कसा सुटतो, रागात कसा भरतो, याचा सराव असतो. आदिशक्तीच्या कार्यशाळांतून हे श्वासाचं शिक्षण संस्कृतचा गंध नसलेल्या नटांपर्यंत पोचलं. वीणापाणीबाई २०१४ मध्ये गेल्या, पण काम चालू राहिलं. आणि हो, २००० मध्ये आलेल्या त्यांच्या एका गाजलेल्या नाटकाचं नाव 'गणपती' होतं. पेणकर म्हणून हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही :)

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथल्या विद्यापीठातले रिचर्ड शेकनर यांनी 'रसाबॉक्सेस' नावाची पद्धत बसवली आणि २००१ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. पद्धत इतकी सोपी आहे की हसू येतं. जमिनीवर तीन बाय तीन अशी नऊ घरं आखायची. आठ घरांत आठ रसांची नावं, मधलं घर शांताचं. आधी प्रत्येक घरात तो रस तुम्हाला कसा वाटतो ते लिहायचं, चित्रं काढायची. मग घरात जाऊन त्या रसात फक्त उभं राहायचं. मग श्वास, मग आवाज, मग हालचाल, मग दुसऱ्याशी व्यवहार. आणि मुख्य नियम हा की एका घरातून दुसऱ्यात पाऊल टाकलं की तत्क्षणी बदलायचं. रौद्रातून करुणात जायला 'मूड बनवायला' वेळ मिळणार नाही. घराबाहेर आलात की संपलं, तुम्ही तुम्ही.

म्हणजे लंगडीचं किंवा टिक्करबिल्ल्याचं अंगण म्हणा ना!

आता आमच्या आयटीवाल्यांचा लाडका प्रश्न, डेटा आहे का? आहे, पण जपून वाचावा लागतो. १९८३ मध्ये पॉल एकमन आणि सहकाऱ्यांनी काही नटांना आणि काही संशोधकांना भावनेचं नाव न सांगता चेहऱ्याचा एकेक स्नायू हलवायला सांगितलं. चेहरा बसला तसे हृदयाचे ठोके आणि बोटांचं तापमानही बदललं. रागाच्या चेहऱ्यात बोटं गरम झाली, भयाच्या चेहऱ्यात तितकी नाही. प्रत्येक भावनेची शरीरावर अशी स्वतंत्र सही असते का, यावर पुढे बराच वाद झाला. मग १९८८ चा तो प्रसिद्ध प्रयोग: दातांत पेन धरलं की चेहरा हसरा होतो आणि कार्टून जास्त मजेदार वाटतं. (पेन, पेण नव्हे.) २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा केला, तेव्हा तसं काही आढळलं नाही. शेवटी २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर मोठी चाचणी झाली. पेनच्या बाबतीत उत्तर धूसरच राहिलं, पण हसरा चेहरा बघून तसा केला किंवा स्नायू मुद्दाम तसे हलवले तर आनंद थोडा वाढतो असं दिसलं.

'थोडा' हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे हसरा चेहरा केला की दुःख पळतं वगैरे सोमवारच्या मोटिव्हेशनल ई-मेलातलं ज्ञान खोटं. पण शरीराकडून मनाकडे वाट जाते, हे खरं. नटाला तेवढं पुरतं, कारण तो ती वाट रोज तुडवणार असतो. पायवाट रुंद होते ती चालून चालून.

आक्षेप दोन येतात. पहिला, यानं अभिनय यांत्रिक होईल. अहो, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बघा. एकाच साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. रंग होतात, सोनेरी काम होतं, तरी मूर्ती बघत नाही. शेवटी डोळ्यांची आखणी होते आणि तिला सरावलेलाच हात लागतो. बाहुलीची जागा जराशी इकडची तिकडे झाली, तर प्रसन्न चेहरा रागीट होतो नाहीतर रडवेला. तो कारागीर प्रत्येक मूर्तीला डोळ्यांत पाणी आणून आखणी करत असेल का? हात बसलेला आहे, श्वास रोखलेला आहे, लक्ष पूर्ण तिथे आहे. आणि घरी आणल्यावर आपल्याला मात्र वाटतं, बाप्पा आपल्याकडेच बघतोय. नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात ३६ प्रकारच्या दृष्टी, बुबुळांच्या ९ हालचाली, पापण्यांच्या ९ आणि भुवयांच्या ७ नोंदवल्या आहेत. लोक याला काथ्याकूट म्हणतात. पेणचा आखणीवाला म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप, हे नाचवाल्यांचं आहे, वास्तववादी नाटकात कसं चालणार? इथे लोक सराव आणि प्रयोग यांची गल्लत करतात. क्रिकेटर जिममध्ये जे करतो ते पिचवर करत नाही. नऊ घरांतला रौद्र पूर्ण अंगानं केलेला नट जेव्हा साध्या ड्रॉइंगरूमच्या नाटकात खुर्चीवर गप्प बसतो, तेव्हा त्याच्या नुसत्या बोटांतसुद्धा राग दिसतो. ज्यानं तो कधी पूर्ण केलाच नाही, त्याला ओरडावं लागतं. हौशी नाटकात इतकं ओरडतात का, याचं माझ्या मते हे एक कारण आहे.

आता मुद्द्याचं. अभिनयाचं पद्धतशीर शिक्षण घ्यायचं तर पुण्याचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी आहे, दिल्लीचं एनएसडी आहे. पण धाटावला रात्रपाळी करणारा मुलगा तिथे दोन-तीन वर्षं जाणार नाही, जाऊ शकणार नाही. त्याला आपण काय देतो? संहिता, पाठांतर, 'फील कर' आणि स्पर्धेची तारीख. आणि या नऊ घरांना लागतं काय, तर खडू आणि शाळेचा एक वर्ग! पावसाळ्यात तालमी थंडावतात, तेव्हा पेणला नाहीतर रोह्याला आठवड्यातून एक संध्याकाळ जमायला काय हरकत आहे? पहिले काही आठवडे नुसता श्वास आणि उभं राहणं. संहितेला हात लावायचा नाही. मग डोळे. मग नऊ घरं. जमलं तर एखाद्या कथक किंवा भरतनाट्यम शिकवणाऱ्या बाईंना अभिनयाचं शिकवायला बोलवावं, आणि एका रविवारी सगळ्यांनी एखाद्या मूर्तिकाराकडे बसून गुपचूप आखणी बघावी.

माझी अट एकच राहील, आणि ती लाइट्सवाल्याची अट आहे. लाइट लावता येतो तसा तो बंद करता आला पाहिजे. घराबाहेर पाऊल टाकलं की त्या रसातून बाहेर यायचं, श्वास मोकळा करायचा, पाणी प्यायचं, हे ज्या दिवशी शिकवलं जाणार नाही त्या दिवशी घरं पुसून टाकावीत. कुणाच्याही आजोबांना तालमीत आणायचं नाही. ते घरीच बरे.

तर मंडळी, असं आहे. तुमच्यापैकी कुणी नाटक करत असाल तर पुढच्या तालमीत एवढंच करून बघा: कठीण प्रसंग आला की "काय आठवू?" असं न विचारता "श्वास कुठे अडलाय?" असं विचारा. आणि रोह्याकडचे असाल तर खडू मी आणतो.